निकामी बंदुकांचा संग्रह : छंद कीं व्यर्थ खर्च ?

गेल्या महिन्यांत आमच्या एकत्र कुटुंबांत एका बंदुकीवरून चांगलाच वाद माजला. वाचकांनीं दचकूं नये. बंदूक घरांत नव्हती, आणि जी होती ती उडणारी नव्हती. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें नोकरीस आहे. त्यानें आपल्या बिऱ्हाडीं भिंतीवर लावण्यासाठीं पहिल्या महायुद्धाच्या काळची एक ली-एनफील्ड रायफल विकत घेतली व तिचें छायाचित्र घरीं पाठविलें. त्याची आई म्हणाली, "ज्या वस्तूनें माणसें मारावयाचीं, ती घरांत हवी कशाला ?" बंधूंनीं किंमत विचारली व ती ऐकून ते गप्प बसले. धाकट्या मंडळींस मात्र रायफलीचें मोठें कौतुक वाटलें. शेवटीं मुलानें मलाच लिहिलें : "काकाआजोबा, निकाल तुम्हींच द्या. आणखी दोन घ्याव्यात असें मनांत आहे. हा छंद करण्याजोगा आहे कीं नाहीं ?"

परदेशीं गेलेलीं मुलें आज पुष्कळ घरांत आहेत, आणि छंदांवरून होणारे वाद तर सर्वच घरांत आहेत. म्हणून मीं त्याला जें लिहिलें त्याचा सारांश येथें देतों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. इंग्लंडांत चालती रायफल बाळगण्यास पोलिसांचा परवाना लागतो. परंतु १९८८ च्या कायद्यानें अशी सोय झाली कीं, बंदूक कायमची निकामी करून तिच्यावर लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील परीक्षणगृहाचा शिक्का उमटला व तसें प्रमाणपत्र मिळालें, म्हणजे ती बिनपरवाना घरीं ठेवतां येते. नळीला खांच पाडतात, आंत कठीण पोलादाची कांब बसवून ती वेल्डिंगनें पक्की करतात, आणि काडतूस बसण्याची जागा बुजवून टाकतात. बाहेरून पाहणाऱ्यास लांकडी दस्ता, त्याच्या टोकाची पितळी पट्टी, वरची मोहर, सर्व कांहीं जसेंच्या तसें दिसतें.

पुढें १९९५ सालीं हे नियम कडक झाले. त्यानंतर २०१५ च्या जानेवारींत पॅरिस येथें जें हत्याकांड झालें, त्यांत स्लोव्हाकिया देशांत केवळ आवाज काढण्यापुरत्या ठेवून विकलेल्या बंदुका पुन्हां चालत्या करून वापरल्याचें उघड झालें. तेव्हां युरोपांत सर्वत्र एकच कठोर नियमावली ठरली व ती ८ एप्रिल २०१६ पासून अमलांत आली. इंग्लंडनें २०१७ च्या कायद्यानें असा दंडक घातला कीं, नव्या नियमांस न उतरणारी जुनी निकामी बंदूक मालकानें जवळ ठेवावी. परंतु तिच्यावर पुन्हां काम करवून घेतल्यावांचून ती सामान्यतः दुसऱ्यास विकूं नये वा भेटहि देऊं नये.

ह्यांतील व्यवहाराचा धडा उघड आहे. "आज घेऊन ठेवूं, उद्यां भाव येईल," अशा हिशेबानें ज्यांनीं पैसा घातला, त्यांचा माल कायद्याच्या एका कलमानें बाजारांतून उठला. नवें काम करून घ्यावें, तर जी यंत्ररचना पाहण्याच्या हौसेनें वस्तु घेतली तीच बहुतेक जखडून जाते. सोन्याच्या पाटल्यांना असें कधीं होत नाहीं. तेव्हां ह्या छंदास गुंतवणूक म्हणणें ही स्वतःचीच फसवणूक आहे. पैसा गेला असें समजूनच तो खर्चावा, आणि घरखर्च भागून जें उरेल त्यांतूनच खर्चावा.

मग ह्या संग्रहांत कांहींच अर्थ नाहीं काय ? तसेंहि मी म्हणणार नाहीं. ह्या एका रायफलीचें उदाहरण घ्या. तिच्या पोलादावर राजमुकुट, राजाच्या नांवाचीं अक्षरें, कारखान्याचें नांव व साल कोरलेलें असतें. तो एक लहानसा शिलालेखच होय. ज्या एनफील्ड गांवावरून तिला नांव मिळालें, तेथील सरकारी कारखाना १८१६ सालीं निघाला व १९८८ सालीं बंद पडला. ह्याच जातीच्या रायफली आपल्याकडे कलकत्त्याजवळील इशापूर येथेंहि तयार होत असत. दहा काडतुसें मावणारी, सुमारें चार किलो वजनाची ही वस्तु हिंदी शिपायांनीं दोन्हीं महायुद्धांत खांद्यावर वाहिली. १९६२ सालीं हिमालयांत चिनी सैन्यासमोर आपले जवान हीच रायफल घेऊन उभे होते, आणि २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या स्वयंचलित बंदुकांपुढें आमच्या कांहीं पोलिसांच्या हातीं हीच जुनी रायफल होती. एका वस्तूच्या धाग्यानें शंभर वर्षें ओंवतां येतात. जो मुलगा ती हातीं घेऊन इतकें विचारील, त्याचा पैसा वांयां गेला असें मला वाटत नाहीं.

पुण्याचे दिनकर केळकर ह्यांनीं जन्मभर दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्यें आणि शस्त्रेंहि जमविलीं, व अकालीं गेलेल्या मुलाचें नांव त्या संग्रहालयास दिलें. त्यांतील कित्येक वस्तु एकेकट्या पाहिल्या तर जुन्या बाजारांतल्याच. परंतु कोणती वस्तु कोणत्या हातांत होती हें जाणून घेण्याची त्यांना तळमळ होती, म्हणून त्या अडगळीचा इतिहास झाला. संग्राहक आणि साठेबाज ह्यांत भेद आहे तो एवढाच. पहिली वस्तु पुरती समजण्यापूर्वीं ज्याला दुसरी हवी होते, तो साठेबाज जाणावा.

आतां मुलाच्या आईची शंका. ती मी हसण्यावारी नेत नाहीं. दसऱ्यास आपण शस्त्रपूजन म्हणतों; परंतु आमच्यासारख्यांच्या घरीं त्या दिवशीं पाटावर असतें काय ? पोथ्या, पाटीवर काढलेली सरस्वती, आणि फार तर विळी व अडकित्ता. अज्ञातवासाच्या वर्षीं पांडवांनीं आपलीं शस्त्रें शमीच्या झाडावर ठेवलीं आणि जवळ कोणी फिरकूं नये म्हणून तेथें एक प्रेत बांधलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. शस्त्र हें लोकांच्या नजरेआड व भयाच्या राखणींत ठेवावयाचें असतें, दिवाणखान्यांत मिरवावयाचें नसतें, असा मी त्या कथेचा अर्थ घेतों. निकामी शस्त्रानें मनुष्य मरत नाहीं हें खरें. पण त्याच्या जवळ उभें राहून छायाचित्र काढतांना अंगांत जी मर्दुमकी संचरते ती निकामी नसते. म्हणून मीं त्याला कांहीं पथ्यें सांगितलीं. मुलांच्या हातीं ती खेळणें म्हणून देऊं नये. गंमतीनेंहि कोणाकडे नळी रोखूं नये. सबळ कारणावांचून ती रस्त्यांतून नेऊं नये, कारण निकामी असली तरी तिकडे तो गुन्हा ठरतो. प्रमाणपत्र जपून ठेवावें, कारण त्यावांचून ती निकामी आहे हें सिद्ध करणें जड जाईल.

शिवाय ती पुण्यास आणण्याचा विचार मुळींच करूं नये. आपल्याकडे १९५९ चा शस्त्रकायदा आहे. दुरुस्त करूनहि जी चालणार नाहीं अशी जुनाट वा मोडकी बंदूक त्या कायद्यांतून वगळलेली आहे खरी. पण आपली वस्तु त्या सवलतींत बसते कीं नाहीं हें आपण घरीं बसून ठरवावयाचें नसतें. ज्यांच्या माळ्यावर पूर्वजांची एखादी जुनी बंदूक गंजत असेल, त्यांनींहि जिल्हाधिकाऱ्यांस किंवा शहरांत पोलीस आयुक्तांस लेखी विचारून मोकळें व्हावें.

इतकें लिहून मी थांबलों असतों, परंतु मुलानें पत्रांत एक वाक्य लिहिलें होतें : "आपल्या घराण्यांतले कोणी त्या युद्धांत गेले होते ना? त्यांची आठवण म्हणून घेतली." त्या वाक्यानें मी अस्वस्थ झालों. गेले होते हें खरें. माझ्या आजोबांचे धाकटे बंधु १९१५ सालीं सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कारकून म्हणून मेसापोटेमियांत गेले. ही फौज डिसेंबर १९१५ मध्यें कुत येथें वेढली गेली, आणि १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेली. शरण जाण्यापूर्वीं तिनें आपल्या तोफा स्वतःच्या हातांनीं निकामी केल्या. सुमारें तेरा हजार माणसें कैद झालीं व त्यांतील पुष्कळ वाळवंटांतील पायपिटींत गेलीं. आमचे ते आजोबा परत आले नाहींत.

परंतु त्यांच्या हातांत रायफल नव्हती. दौत आणि टांक होता. त्यांची खरी आठवण माजघरावरील माळ्यावर एका पत्र्याच्या पेटींत आहे : बसऱ्याहून आलेलीं सात कार्डें, बहुतेक मोडींत. मीं तीं परवां पुन्हां काढलीं. एकांत परसांतल्या आंब्याची चौकशी आहे, एकांत धाकट्या भावाच्या शाळेची फी वेळेवर भरावी म्हणून सूचना आहे. शाई फिकी होत चालली आहे, आणि मोडी वाचणारा आमच्या घरांत आतां मी एकटाच उरलों आहें. इंग्लंडांतील रायफल आणखी शंभर वर्षें टिकेल; हीं कार्डें माझ्यामागें कोण वाचणार ?

बसरा येथील स्मारक त्या रणांगणांतील चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठीं आहे. परंतु हिंदी शिपायांपैकीं अधिकाऱ्यांचींच नांवें तेथें कोरलीं गेलीं, बाकीच्यांची केवळ संख्या लिहिली. युद्धसमाधि आयोगानें ह्या पक्षपाताची जाहीर कबुली २०२१ सालीं दिली. तेव्हां मीं मुलास लिहिलें : "घेतलेली रायफल राहूं दे. दुसरी मात्र घेऊं नकोस. त्या पैशांतून एकदां लंडनला जा. तेथील ब्रिटिश लायब्ररींत जुन्या इंडिया ऑफिसचें दप्तर आहे. आयोगाच्या नोंदीहि पाहा. आपल्या माणसाचें नांव कोठें सांपडतें का तें शोध. मी इकडे कार्डांचें बाळबोध करून पाठवितों."

त्याचें उत्तर आलें आहे. दुसऱ्या रायफलीचा विचार त्यानें सोडला असून कार्डांचीं छायाचित्रें मागितलीं आहेत. तीं काढण्याचें काम त्याच्या आईनेंच हौसेनें घेतलें. तीन कार्डें बाळबोधींत उतरून झालीं. चार उरलीं आहेत.

वाचकांसहि माझें सांगणें एवढेंच. परक्या देशाच्या बाजारांतील वस्तु मनास आली तर ऐपत पाहून जरूर घ्यावी. परंतु तत्पूर्वीं एकदां स्वतःच्या घरचा माळा उघडून पाहावा.