बोर्निओंतील ‘वन्य’ कपि

बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियन भागांत, दक्षिण किनाऱ्यावर असलेलें तांजुंग पुतिंग हें अरण्य पाहून आलेल्यांचीं वर्णनें, मग तीं कोणत्याहि भाषेंतील असोत, एकमेकांची नक्कल वाटावी इतकीं सारखीं असतात. कुमाई बंदरांत दुमजली लांकडी नौका भाड्यानें घ्यावी. यंत्राच्या आवाजावरून तिला तेथील लोक ‘क्लोतोक’ म्हणतात. खालीं चूल व खलाशी, वर मच्छरदाणी लावलेल्या गाद्या. सेकोन्यर नदींतून दोनतीन दिवस सावकाश वर जावें, सायंकाळीं कांठच्या झाडांवर जमणारीं लांब नाकाचीं माकडें पाहावीं, रात्रीं काजवे पाहावे, आणि दिवसा जंगलांत उतरून ‘वन्य’ ओरांगउटान पाहून धन्य व्हावें. या सहलीविषयीं आमची तक्रार नाहीं; नौकांच्या भाड्यावर कुमाईंतील पुष्कळ घरें चालतात, आणि उभ्या जंगलासहि किंमत असते हें त्यायोगें गांवकऱ्यांस दिसतें. आमची तक्रार आहे ती ‘वन्य’ या एका विशेषणाविषयीं.

प्रवाशाला भेटणारा कपि बहुधा ठरलेल्या घटकेस, ठरलेल्या फळीवर, रक्षकांनीं ओतलेलीं केळीं खावयास आलेला असतो. ही फळी कोठून आली? १९७१ सालीं बिरुटे गाल्डिकास या विदुषी ओरांगउटानांच्या अभ्यासासाठीं येथें आल्या व आपले गुरु लुई लीकी यांचें नांव त्यांनीं ठाण्यास दिलें. परंतु लोकांनीं घरोघर बांधून ठेवलेलीं पिलें सोडवून आणलीं जाऊं लागलीं, आणि अभ्यासाच्या जोडीला अनाथालयहि चालवावें लागलें. फळीवर जो मेळा जमतो त्यांत मुख्य भरणा अशा सोडवलेल्यांचा व त्यांच्या संततीचा. ओरांगउटानची मादी सातआठ वर्षांनीं एकदां वितें, पिलूं बहुधा एकच होतें, आणि तें कित्येक वर्षें आईस चिकटून असतें. आईला मारल्यावांचून तें माणसाच्या हातीं सहसा लागत नाहीं. तेव्हां फळीवर केळें सोलणाऱ्या त्या गमतीदार प्राण्याच्या कुळकथेंत बहुधा एक खून आहे. खरे वन्य ओरांगउटानहि त्या अरण्यांत हजारोंनीं आहेत. पण ते उंच शेंड्यांतून बहुधा एकएकटे हिंडतात, आणि वेळापत्रक पाळीत नाहींत. अनाथालयास भेट दिली असें लिहिण्यांत कमीपणा तो कोणता? पण तसें लिहिलें कीं अनाथ कोणी केले हा प्रश्न आला, आणि तो आनंदपर्यटनांत बसत नाहीं.

नदीनें तर हें उत्तर रंगानेंच लिहून ठेविलें आहे. कँप लीकीकडे जाणारा फांटा फुटतो तेथें दोन पाणी भेटतात. फांट्याचें पाणी कुजक्या पाल्यानें रंगलेलें, कोऱ्या चहासारखें काळसर पण नितळ. मुख्य प्रवाहाचें पिंगट व गढूळ, कारण वरच्या अंगास जमीन खणून सोनें धुतलें जातें. अरण्याच्या हद्दीपलीकडे तेलताडाच्या रांगा आहेत. नौका काळ्या पाण्यांत शिरते, आणि प्रवाशाची लेखणीहि तिच्याबरोबर तिकडेच वळते.

कालिमांतानच्या दलदली पाण्यांत बुडून आहेत तोंवर सुरक्षित. कालवे काढून कोरड्या केल्या कीं तेथील माती सरपणासारखी जळते. १९९६ सालीं सुहार्तो सरकारनें अशी सुमारें दहा लाख हेक्टर जमीन भाताखालीं आणण्याचें योजिलें. भात फसला, कालवे राहिले. १९९७ व २०१५ च्या वणव्यांत ही भूमि धुमसत होती. १९९९ ते २०१५ या अवधींत बोर्निओंतील लाखाहून अधिक ओरांगउटान नाहींसे झाले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. यांत वणवा, कुऱ्हाड, बंदूक आणि तेलताड या सर्वांचा वांटा आहे.

येथें वाचक इंडोनेशियाला दोष देण्यास सिद्ध झाला असेल. त्यानें आधीं आपल्या स्वयंपाकघरांत डोकवावें. पामतेल विकत घेणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक पहिला. दुकानांतील फरसाण, मुलांच्या डब्यांतील बिस्किट, न्हाणीघरांतील साबण, यांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरें वाचावींत. तें तेल अजिबात टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. गरिबाच्या कढईंत परवडणारें तें तेल आहे, आणि एका हेक्टरांतून तेलताड देतो तितकें तेल सोयाबीन किंवा सूर्यफूल देत नाहीं. आम्ही म्हणतों तें एवढेंच कीं, हें तेल कोणत्या जमिनीवरचें, असा प्रश्न ज्यांस दुकानदाराला व कारखानदाराला विचारतां येतो, त्या शिकल्यासवरल्या घरांनीं तो विचारावा. जे लोक विमानानें जाऊन त्या फळीसमोर बसूं शकतात त्यांस तर न विचारण्यास सबब उरत नाहीं.

दुसरें असें कीं, बिनशेपटीचा कपि पाहण्यास समुद्र ओलांडावाच लागतो असें नाहीं. आपल्या ईशान्य भागांत उल्लुक, म्हणजे हूलॉक गिबन, राहतो. आसामांत जोरहाट जिल्ह्यांतील होलोंगापार हें त्याचें अभयारण्य जेमतेम २१ चौरस किलोमीटरांचें, आणि त्याच्या मधून लोहमार्ग गेलेला. उल्लुक जमिनीवर सहसा पाय ठेवीत नाहीं. फांदीला फांदी भिडली नाहीं तर त्याला रुळांपलीकडचें रान परदेशासारखें. २०२१ सालीं केंद्र सरकारनें तेलताडाची लागवड वाढविण्याची मोठी योजना मंजूर केली आणि तींत याच ईशान्येकडील राज्यांवर विशेष भर दिला. तेथें ताड लागत आहेत ते पडीक जमिनीवर, कीं उल्लुकाच्या रानांत, हें स्वतः हिंडून, गांवकऱ्यांशीं बोलून जो प्रवासी लिहील, त्याच्या लेखास आम्ही पहिलें पान देऊं. बोर्निओच्या काजव्यांना तूर्त जागा नाहीं.