साडेदहा पौंडांचा हिशेब

बंदूक म्हटली की आमच्या पोटात गोळाच येतो. तरी मुलाच्या हट्टापायी अमेरिकन शेजाऱ्यांबरोबर बेंचरेस्ट स्पर्धा बघायला गेलो. टेबलावर रायफल टेकवून 100 यार्डांवर पाच गोळ्या मारायच्या. भोकं जितकी जवळजवळ, तितका नंबर वरचा. जड रायफल कमी हलते, म्हणून वजनाचे गट: दुर्बिणीसकट लाइट व्हार्मिंट साडेदहा पौंडांपर्यंत, हेवी व्हार्मिंट साडेतेरा.

शेजाऱ्यांची रायफल काट्यावर औंसभर जास्त भरली! भारतात जाताना विमानतळावर बॅगा उपसणारे आम्ही. त्यांची घालमेल लगेच कळली. दस्त्यातला शिशाचा तुकडा काढला, तेव्हा जमलं.

परतताना मुलाने विचारलं, "मी शिकू?" होकार अजून दिलेला नाही. पण 'नाही' म्हणणंही आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.