सही आली म्हणजे साक्षर?

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के भरली, सांगलीची ८१. छान वाटतं ऐकायला. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलंच, प्रौढांसाठीची ग्राम शिक्षण मोहीमही १९५९ मध्ये इथेच सुरू झाली.

पण मैत्रिणींनो, हे मोजतात कसं? सात वर्षांपुढचे सगळे एकाच हिशेबात. म्हणजे चौथीतली नात आणि अंगठा उठवणारी आजी एकाच टक्केवारीत! नातवंडांमुळे टक्का वर चढतो, आजी आहे तिथेच राहते. व्याख्या 'समजून वाचता-लिहिता येणे' अशी आहे खरी, पण परीक्षा कोण घेतंय? बहुतेक घरी उत्तर देतो कर्ता पुरुष. "सही येते की हिला," एवढ्यावर बाई साक्षर!

बचत गटाच्या बैठकीला जाऊन बघा. वहीत सह्या सगळ्यांच्या, पासबुकातली शिल्लक वाचणाऱ्या चार-पाचजणी. माण-खटावच्या वाडीवर कोण शिकलं नाही ते सगळ्यांना माहीत असतं, लपवायचं काही नसतं. सांगली-मिरजेत मात्र "चष्मा घरी राहिला हो," म्हणत फॉर्म शेजारणीच्या हातात जातो. शहरातली ही वंचना कुठल्या रकान्यात मांडणार?

२०२२ च्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्यांची वाचन, लेखन, आकडेमोडीची चाचणी तरी ठेवली, हे बरं झालं. पण त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, आणि लाज तिथेच आडवी येते. म्हणून प्रगणक दारात आला की यजमानांना हाक मारू नका. सासूबाईंनाही बाहेर बोलवा, त्यांचं उत्तर त्यांनाच देऊ द्या.