अंटार्क्टिकाचे लाखभर राजदूत

मी अंटार्क्टिकाला जाऊन आलोय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना 'स्वतः मजा करून आला आणि आता आम्हाला शहाणपण शिकवतोय' असं तुम्हाला वाटणार आहे. वाटू द्या, आरोप खराच आहे. पण जाऊन आलेली माणसं या विषयावर एक तर गप्प बसतात, नाहीतर फोटो टाकतात. मी दोन्ही केलं. आता तिसरं करून बघतो.

आमचं जहाज लहान होतं, सव्वाशेच्या आत प्रवासी. हा लहानपणा म्हणजे त्या सहलीचा सगळ्यात मोठा अभिमान. माहितीपत्रकात 'क्रूझ' हा शब्द शोधावा लागायचा, सगळीकडे 'एक्स्पिडिशन', म्हणजे मोहीम. आम्ही पर्यटक नव्हतो, मोहिमेवर निघालो होतो. कॅसिनो नाही, नाचगाणी नाहीत, त्याऐवजी रोज व्याख्यानं. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून निघालं की ड्रेक पॅसेज ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत अर्धं जहाज उलट्या करत आडवं पडलेलं असतं आणि उरलेलं अर्धं जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बी व्हॅक्यूम क्लीनरने काढत असतं. बूट जंतुनाशकात बुडवायचे. पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं. त्यांच्या पायवाटेवर उभं राहायचं नाही. एका ठिकाणी, एका वेळी किनाऱ्यावर १००पेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत.

हे नियम मनापासून पाळले जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कव्हरव्हिल बेटावर एक गृहस्थ फोटोसाठी दोन पावलं पुढे सरकले, तर गाइडने त्यांना सगळ्यांदेखत झापलं. समोर जेंटू पेंग्विनची करड्या पिसांची पिल्लं आईबापांच्या मागे चोच उघडून धावत होती. सगळीकडे विष्ठेचा भयंकर वास होता आणि मी रडत होतो. खोटं कशाला सांगू, आयुष्यात त्याहून सुंदर काही पाहिलेलं नाही.

शेवटच्या रात्री मोहीमप्रमुख म्हणाले, "आजपासून तुम्ही सगळे अंटार्क्टिकाचे राजदूत आहात." टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

माझं भांडण या एका शब्दाशी आहे.

कल्पना जुनी आहे. लार्स-एरिक लिंडब्लाड या उद्योजकाने १९६६मध्ये पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं, तिथून आजच्या या मोहीमछाप पर्यटनाची सुरुवात धरतात. पाहिल्याशिवाय प्रेम बसत नाही आणि प्रेम बसल्याशिवाय माणूस जपत नाही, हा या धंद्याचा मूळ युक्तिवाद. ऐकायला बिनतोड आहे. लिंडब्लाडने १९६९मध्ये खास या कामासाठी लाल रंगाचं एक छोटं जहाज पाण्यात उतरवलं. पुढे मालक बदलले, नाव नुसतं 'एक्स्प्लोरर' झालं. २३ नोव्हेंबर २००७ रोजी तेच जहाज दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फाला धडकून बुडालं. वरची १५४ माणसं वाचली. जहाज मात्र पोटातल्या इंधनासकट तळाशी गेलं. लहान जहाजांच्या या घराण्याचा मूळपुरुष आज तिथे आहे.

आता आकडे बघा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका उन्हाळी हंगामात अंटार्क्टिकाला जाणारे पर्यटक दहा हजारांहून कमी होते. २०२३-२४च्या हंगामात ते १ लाख २० हजारांच्या वर गेले आणि त्यातले निम्म्याहून बरेच जास्त प्रत्यक्ष जमिनीवर उतरले. बहुतेक सगळे जातात ते अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मोजक्या जागी. कारण बर्फ नसलेली, बोट लावता येईल अशी जमीन तिथे थोडी आहे. नेमकी तीच जमीन पेंग्विनना अंडी घालायला लागते.

म्हणजे '५ मीटर लांब राहा' हा नियम एका माणसाला लागू आहे. एकूण किती माणसांनी ५ मीटरवर येऊन उभं राहायचं, यावर नियमच नाही. एका वेळी १०० हे ठरलंय. अशा वेळा अख्ख्या हंगामात किती, ते बाजार ठरवतो.

मग लहान जहाजाचं कौतुक कशाचं? ५००हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना तिथे माणसं उतरवायची परवानगी नाही. त्या महाकाय जहाजांवरचे लोक डेकवरून हिमनग बघतात आणि परततात. आम्ही त्यांना नावं ठेवायचो. 'तरंगते मॉल' म्हणायचो. पण वसाहतीत बूट घालून फिरत कोण होतं? आम्ही. लहान असणं हा तिथे साधेपणा नाही, तो आत शिरायचा पास आहे. इंधनही काही भक्तिभावाने कमी जळत नाही, उलट त्याचा हिशेब थोड्या डोक्यांत वाटला जातो.

आणि तो एकांत! आठवडाभर आम्हाला दुसरं जहाज जवळजवळ दिसलं नाही. आम्हाला वाटलं, काय निर्मनुष्य जागा आहे. नंतर कळलं की जहाजं एकाच जागी एकत्र येऊ नयेत म्हणून जागा आणि वेळा आधीच वाटून घेतलेल्या असतात. सकाळी आम्ही, दुपारी दुसरे. दवाखान्यात नंबर लावतात तसा तो एकांत होता. १९८१च्या डिसेंबरात २१ जणांची पहिली भारतीय तुकडी गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाली, तिला मोहीम म्हणतात. किनाऱ्यावरून परतल्यावर ज्यांच्या हातात गरम चॉकलेटचा कप दिला जातो, त्यांना पाहुणे म्हणतात.

बरं, राजदूत होऊन आम्ही केलं काय? २०१०मध्ये आयगेलार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेमका हा दावा तपासणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. या सफरींमुळे प्रवाशांची पर्यावरणाची जाण वाढते किंवा वागणं बदलतं, याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मला त्याचं नवल वाटत नाही, कारण माझा पुरावा माझ्याकडेच आहे. परत आल्यावर मी आमच्या सोसायटीत, एका शाळेत, दोन कॉलेजांत प्रेझेंटेशन दिलं. वितळता बर्फ, क्रिलची मासेमारी, सगळं सांगितलं. प्रश्नोत्तरांत दर वेळी पहिले तीन प्रश्न ठरलेले. खर्च किती आला? कुठल्या महिन्यात जावं? थंडीचे कपडे कुठून घेतले? क्रिलबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. माझ्या भाषणांमुळे एक टनही कार्बन कमी झाला नाही, तीन बुकिंगं मात्र झाली. यालाच राजदूत म्हणत असतील तर ठीक. आमच्याकडे त्याला एजंट म्हणतात.

'जपण्यासाठी आधी पाहावं लागतं' हेही तपासून बघू. २०२२च्या अखेरीस बेलिंग्सहाउझन समुद्राच्या भागात समुद्री बर्फ वेळेआधी फुटला आणि एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींत पिल्लं जगली नाहीत, असा निष्कर्ष निघाला. हे जगाला कसं कळलं? उपग्रहाच्या चित्रांतून. बर्फावरचे विष्ठेचे तपकिरी डाग दिसेनासे झाले, त्यावरून. अलीकडच्या काळातली ही एवढी मोठी दुःखद बातमी कळायला तिथे एकाही पर्यटकाचं पाऊल लागलं नाही.

आता तुमचे आक्षेप. पहिला असा की जहाजं बंद केली तर हवामानबदल थांबणार आहे का? नाही. द्वीपकल्प तापतोय तो मुख्यतः जगभरच्या चिमण्यांमुळे, गाड्यांमुळे. तिथे मासेमारी आहे, संशोधन केंद्रांचा वावर आहे. बर्ड फ्लू २०२४मध्ये मुख्य भूमीवर सापडला, तोही पर्यटकांनी नेला असं म्हणता येत नाही, पक्ष्यांकडूनच गेला असावा. हे सगळं मान्य. पण आधीच आजारी असलेल्याच्या खोलीत 'आजार माझ्यामुळे झालेला नाही' म्हणत गर्दी करायची नसते. शिवाय आपला वाटा अगदीच शून्य नाही. २०२२च्या एका अभ्यासाने जहाजांच्या वगैरे काजळीचा हिशेब मांडला. काजळीने बर्फ काळवंडतो आणि लवकर वितळतो. दर पर्यटकामागे जादा वितळणारा बर्फ सुमारे ८० टन निघाला. मुंबईहून तिथवरची विमानं आणि जहाज धरलं, तर एका सरासरी भारतीयाचं निदान दोन-तीन वर्षांचं कार्बन उत्सर्जन आपण पंधरवड्यात उडवतो.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. 'गोरे लोक साठ वर्षं जाऊन आले. आता कुठे आपल्या खिशात पैसे आले, तर लगेच नियम?' हा राग खरा आहे. पण त्यावरचा उपाय आपणही लुटीत वाटा मागणं हा नाही. आज तिथे जाण्याचा हक्क पैशावर ठरतो. काही लाख मोजा आणि या. पर्यटकांच्या एकूण संख्येवर बंधनकारक मर्यादा घाला आणि जागा किमतीने नाही, सोडतीने वाटा. म्हाडाच्या घरांची सोडत निघते, तर पेंग्विनच्या घराची का नको? कास पठारावर फुलं बघायला रोज किती माणसं सोडायची हे ठरवता येतं. १९९१मध्ये माद्रिद करारात 'शांतता आणि विज्ञानासाठी राखीव' म्हणून जाहीर केलेल्या खंडाला मात्र तशी मर्यादा नाही.

आणि इथे आपला थेट संबंध येतो. अंटार्क्टिक कराराच्या निर्णयांत भारताला १९८३पासून मत आहे. मे २०२४मध्ये या देशांची बैठक आपल्या कोचीत झाली आणि पर्यटनासाठी नियमांची चौकट तयार करायचं काम तिथे सुरू झालं. निर्णय एकमताने होतात, म्हणून वेळ लागतो. तोवर प्रत्येक हंगामात जहाजं भरताहेत. त्या चौकटीत संख्येची मर्यादा यावी, यासाठी आपल्या सरकारने आग्रह धरावा, हे बोलायला राजदूत व्हावं लागत नाही. तिकीटही लागत नाही. आणि मर्यादा येईपर्यंत जाऊ नका, इतकं सरळ माझं म्हणणं आहे. जायचंच असेल तर निदान 'मी तिथे गेलो ते त्या जागेच्या भल्यासाठी' असं म्हणू नका. हौस म्हणून गेलो म्हणा. हौसेला लाज वाटते, ती वाटू द्यावी. राजदूत म्हटलं की ती जाते.

त्या तीन बुकिंगांमधलं एक माझ्या मावसबहिणीचं आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, अ‍ॅडव्हान्स भरला! तुझ्या त्या प्रेझेंटेशनमुळेच ठरवलं."

मी म्हणालो, "जाऊ नकोस."

"तू गेलास ना?"

"गेलो. जायला नको होतं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग आधी ते फोटो तरी डिलीट कर."

फोटो अजून फोनमध्ये आहेत. मला ते पुसवत नाहीत. प्रेझेंटेशन मात्र काढून टाकलंय, आणि ज्या कॉलेजने येत्या महिन्यात बोलावलं होतं त्यांना कळवलंय की मी येतो, पण स्लाइड नसतील. मी फक्त हे एवढंच बोलेन.