प्रार्थना रविवारची, प्रश्न सात दिवसांचा

रविवार हा जुन्नरच्या आठवडे बाजाराचा दिवस. कुकडनेर-मीननेरच्या खोऱ्यांतून, आपटाळे-इंगळूनच्या बाजूने, सकाळच्या एस.टी.ने आणि खचाखच भरलेल्या जीपगाड्यांतून वनवासी बांधव शिवनेरीच्या पायथ्याशी उतरतो. मीठमिरची, सुकी मासळी, पोराची वही, म्हातारीचे औषध अशी त्याची खरेदी. त्याच सकाळी जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या वस्तीवर, पत्र्याच्या छपराखाली, एक निराळी सभा भरते. दाराशी चपलांची रांग, आत सतरंज्या, एका बाजूस स्त्रिया, दुसऱ्या बाजूस पुरुष. ढोलकी आणि खंजिरी वाजू लागते, टाळ्यांच्या ठेक्यावर मराठी गीते होतात, मग कोणी उभे राहून ‘साक्ष’ देते. कोणाच्या नवऱ्याची दारू सुटलेली असते, कोणाचे मूल दुखण्यातून उठलेले असते. पवित्र शास्त्रातील उतारा वाचला जातो, पाळक उपदेश करतो, अर्पणाची पिशवी फिरते आणि शेवटी आजारी माणसांची नावे एकेक करून घेतली जातात व त्यांच्यासाठी प्रार्थना होते.

हे वर्णन वाचून ज्याच्या कपाळाला आठी पडेल, त्याने आधी स्वतःलाच विचारावे की यातले परके काय आहे? ढोलकी आपली, खंजिरी आपली, टाळीचा ठेका भजनाचा. साक्ष देण्याची पद्धत बाहेरून आली हे खरे. परंतु आपल्या जीवनातील देवाच्या कृपेची कथा चारचौघांत सांगणे हे ज्ञानोबा-तुकोबांच्या महाराष्ट्राला शिकवण्यासाठी कोणा मिशनऱ्याने सातासमुद्रापलीकडून येण्याची आवश्यकता नव्हती. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी याच जुन्नर तालुक्यात ओतूर येथे आहे. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदविले त्या रेड्याची समाधी याच तालुक्यात आळे येथे आहे. ज्या भूमीत रेड्यालाही वेदाचा अधिकार मिळाल्याची कथा आदराने सांगितली जाते, त्याच भूमीत माणसाला भजनाच्या सतरंजीवर जागा शोधावी लागत असेल, तर दोष केवळ जागा देणाऱ्याचा नाही.

ख्रिस्ती प्रचारकांना ही गोष्ट फार पूर्वी उमगली. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात आपले ‘क्रिस्तपुराण’ ओवी छंदात रचले आणि ते 1616 मध्ये छापले गेले. विल्यम कॅरे यांनी बंगालमधील श्रीरामपुरात बसून मराठी व्याकरण आणि बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकप्रमाणेच जुन्नरलाही ठाणे मांडले होते. मात्र या साऱ्यांना जे साधले नाही ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी करून दाखविले. कोकणातील चित्पावन घराण्यात जन्मलेल्या टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पाश्चात्य चालींवर कशीबशी गायली जाणारी मराठी उपासना अभंगाच्या वळणावर आणली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते म्हणत. आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, त्यांनी मिशनचे वेतन सोडले. ही शेवटची गोष्ट मिशनरी पुस्तिकांत ठळक टाइपात छापली जात नाही आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, हिंदुत्वनिष्ठ व्याख्यानांतही ती फारशी सांगितली जात नाही. टिळकांनी धर्म बदलला. देश बदलला नाही, भाषा बदलली नाही, परकीयांचे मिंधेपण मात्र झुगारले.

तेव्हा वाद प्रार्थनेशी नाही. घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करण्याचा अधिकार दिला आहे, आणि जो समाज ‘एकं सत्’ असे मानतो त्याने त्या अधिकाराची सर्वांत आधी बूज राखावी. वाद आहे तो उपासनेच्या आडून दुसऱ्याच्या उपासनेला ‘सैतानाची पूजा’ ठरविण्याशी.

सह्याद्रीच्या या पट्ट्यातील महादेव कोळी समाज आश्विन महिन्याच्या वद्य द्वादशीला वाघबारस करतो. रानाच्या वेशीवर शेंदूर फासलेला वाघोबा असतो, त्याला नैवेद्य दाखविला जातो आणि गुराढोरांना सांभाळ अशी विनवणी केली जाते. जुन्नर हा बिबट्यांचा तालुका. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले. ज्याच्या दारातून बिबट्या शेळी उचलून नेतो, तोच माणूस त्या जातीच्या प्राण्याला देव मानून हात जोडतो. सृष्टीशी नाते जोडण्याचा हा संस्कार पर्यावरणाच्या परिषदांत प्रबंध वाचणाऱ्यांनाही दुर्मीळ आहे. आता नव्याने आलेला प्रचारक जेव्हा सांगतो की हा शेंदूर पुसा, वरसूबाईच्या डोंगरावर जाऊ नका, जत्रेचा प्रसाद तोंडात घालू नका, कुंकू लावू नका, तेव्हा तो त्या माणसाला केवळ एक देव देत नाही. तो त्याचे भाऊबंद, त्याचे सण आणि त्याचा डोंगर त्याच्यापासून काढून घेतो. एका घरात दोन चुली होतात. वडील वाघबारशीला नैवेद्य घेऊन निघतात आणि मुलगा दाराआड बसून राहतो. आमच्याही देवासमोर बसा एवढेच ज्याचे म्हणणे असेल त्याला वनवासी कधीच नाही म्हणत नाही. त्याच्या देव्हाऱ्यात जागा मुबलक असते. अट घातली जाते ती पलीकडून आणि ती अट एकच असते: इतर सारे देव बाहेर काढा. सहिष्णुतेचे पाठ मात्र वाघोबाच्या भक्ताला दिले जातात!

दुसरा आक्षेप ‘चंगाई’चा. प्रार्थनेने मनाला धीर येतो हे कोणीही मान्य करील. परंतु प्रार्थनेने क्षय बरा होतो, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, असे सांगितले जात असेल तर तो प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा राहत नाही, तो मनुष्याच्या जीविताचा होतो. 1954 चा औषधे व जादूई उपचारांसंबंधीचा केंद्रीय कायदा आहे. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. त्या कायद्यावरून वर्षानुवर्षे वादंग झाले आणि हिंदू समाजातील अनेकांना तो आपल्याच विरुद्ध आहे असे वाटले. कायदा सर्वांना सारखा आहे. भोंदू बाबाला जो नियम, तोच चंगाई सभेच्या व्यासपीठाला लागू झाला पाहिजे. बाबाच्या मठावर आसूड ओढणारे पुरोगामी लेखणीवीर चंगाईच्या मांडवाकडे आले की त्यांच्या दौतीतील शाई अकस्मात का वाळते, हे कोडे महाराष्ट्राला अजून उलगडलेले नाही. अर्थात आपल्या गावातील बाबाला ‘आपला’ म्हणून पाठीशी घालणाऱ्यास हे कोडे दुसऱ्याला घालण्याचा अधिकार उरत नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे.

कायद्याची स्थिती तरी संदिग्ध नाही. मध्य प्रदेश व ओडिशातील धर्मस्वातंत्र्य कायद्यांना आव्हान देण्यात आले, तेव्हा स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये निर्णय दिला की, आपल्या धर्माची तत्त्वे लोकांपुढे मांडणे हा मूलभूत अधिकार आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे हा नव्हे. बळ, फसवणूक आणि प्रलोभन यांना राज्य आवर घालू शकते. त्याच्या एकवीस वर्षे आधी, 1956 मध्ये, मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीने शाळा, दवाखाने आणि परकीय पैसा यांच्या आधाराने चालणाऱ्या धर्मांतराचा तपशील देशापुढे ठेवला होता. त्या अहवालाचा दाखला हिंदू संघटनांच्या बैठकांत नेहमी दिला जातो. परंतु त्याच 1956 मध्ये, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश असलेल्या त्या भवानीशंकर नियोगींनी स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग बौद्ध धम्म स्वीकारला, हे बैठकीत कोणी सांगते काय? प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतराची इतकी कठोर चिकित्सा करणारा न्यायाधीश स्वतः हिंदू समाजाच्या चौकटीतून बाहेर पडला. त्याला कोणी दुधाची भुकटी दिली नव्हती.

आकडेवारीच्या भयानेही काही साधणार नाही. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या 1.09 टक्के होती. 2011 मध्ये ती 0.96 टक्के झाली. नोंद न करता धर्म बदलणारे यात दिसत नाहीत, असा युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य असू शकेल. अनुसूचित जमातीच्या माणसाचा दर्जा धर्मांतराने जात नाही. त्यामुळे त्याला ही गोष्ट लपविण्याचे कारण मात्र नसते. तेव्हा ‘महाराष्ट्र उद्या ख्रिस्ती होणार’ अशी हाकाटी पिटून सभा गाजेल, वस्ती जोडली जाणार नाही. प्रश्न टक्क्यांचा नसून त्या एका घराचा आहे, ज्यातील माणूस पत्र्याच्या छपराखाली जाऊन बसला. तो का गेला?

20 सप्टेंबर 1893 रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी मिशनऱ्यांना सुनावले होते की, भारताला धर्माची वाण नाही. भुकेल्याला धर्म शिकविणे हा त्याचा अपमान आहे. हे भाषण हिंदू समाजाने मिशनऱ्यांना ऐकविण्यासाठी पाठ केले. स्वतःला ऐकविण्यासाठी किती जणांनी वाचले?

आंबेगाव तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला याच तालुक्याच्या मातीतील हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे वाहत गेले, तेथे ऊस आणि भाजीपाला डोलू लागला. धरणाच्या काठावरील वनवासी पाड्यांत मात्र उन्हाळा लागला की बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्यांच्या वाटेला लागतात. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ही वार्ता जगाला प्रथम कळली ती एस.टी.च्या चालकाकडून, नेहमीच्या फेरीवर गेलेल्या त्या माणसाला गावच दिसेना. गाव नाहीसे झाले तरी बस जाईपर्यंत कोणाला कळत नाही, इतके अंतर मंचरच्या बाजारपेठेत आणि माळीणच्या पाड्यात आहे.

हिरड्याचे उदाहरण त्याहून बोलके आहे. उन्हाळ्याच्या तोंडी वेचला जाणारा बाळहिरडा हे या पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबाचे रोख उत्पन्न. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे झोडपली आणि भरपाईचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे लोंबकळत पडला. त्यासाठी मोर्चे काढले, ठिय्या धरला तो किसान सभेच्या लाल बावट्याने. रविवारी पाळक आजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना करतो, सोमवारी लाल बावटेवाला कचेरीत अर्ज घेऊन उभा राहतो. आणि ज्यांच्या मुखी अखंड ‘वनवासी हा हिंदू समाजाचा अविभाज्य घटक’ हे वाक्य असते, त्यांची आठवण त्या घटकाला शिवजयंतीच्या दिवशी शिवनेरीवर होणाऱ्या गर्दीपुरती येते. ज्या कोळ्यांनी या डोंगरांत शिवरायांचे स्वराज्य जपले, ज्यांच्यातील होनाजी केंगलेंनी 1870 च्या दशकात सावकारशाहीविरुद्ध शस्त्र उचलले, त्यांच्या नातवंडांना सणावाराच्या भाषणांपलीकडे कोणी विचारत नसेल तर ते विचारणाऱ्याच्या दारी जाणारच.

1952 मध्ये जशपूरला बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रमाचा आरंभ केला तो मूठभर मुलांच्या वसतिगृहापासून. 1974 मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यता जर पाप नसेल तर जगात काहीच पाप नाही, अशा आशयाचे उद्गार काढून स्वजनांनाच आरशापुढे उभे केले. या दोन्ही गोष्टी केवळ प्रतिक्रिया देऊन थांबल्या नव्हत्या.

म्हणूनच एखाद्या रविवारी चार तरुण मोटारसायकली काढून प्रार्थना बंद पाडावयास निघतात, तेव्हा ते हिंदू समाजाचे कोणते काम करतात हे त्यांना विचारले पाहिजे. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या दोन लहान मुलांसह जाळण्यात आले. त्या अधम कृत्याने एकही वनवासी आपल्या कुलदैवतापाशी परतला नाही. मिशनला हुतात्मा मिळाला आणि हिंदू समाजाला कलंक. कायद्याचा भंग होत असेल तर पुराव्यानिशी तक्रार करावी, पोलिसांत जावे, न्यायालयात जावे. सतरंजीवर बसून डोळे मिटलेल्या म्हातारीच्या अंगावर ओरडण्याने वाघोबाचा मान वाढत नाही. तीही याच मातीची लेक आहे आणि वाघबारशीला तिच्यासाठी नैवेद्याचा वाटा बाजूला काढून ठेवणारी भावजय अजून त्या वस्तीवर आहे.

कार्यकर्त्यास करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यात गाजावाजा करण्यासारखे फारसे नाही. जुन्नर-मंचरच्या रुग्णालयांत डोंगरातून आलेला रुग्ण असतो. त्याच्यासोबतच्या माणसाला रात्री झोपायला जागा आणि सकाळी भाकरी लागते. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्याला अर्ज भरून देणारा हात लागतो. हिरड्याच्या हंगामात व्यापाऱ्याच्या काट्याशेजारी उभा राहणारा एक शिकलेला मुलगा लागतो. दारू सोडू पाहणाऱ्याच्या घरी संध्याकाळी सातच्या सुमारास जाऊन बसणारा कोणी लागतो. कारण तीच वेळ त्याला कठीण जाते. पत्र्याच्या छपराखालच्या पाळकाला ती वेळ ठाऊक असते.