लाल दिव्यावर फडकं टाकू नका

शुक्रवारी संध्याकाळी पाइपलाइन लाल झाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, टेस्ट्स तात्पुरत्या बायपास कर ना, सोमवारी बघू." मी म्हणतो, मग सगळ्या टेस्ट्स डिलीटच करा की! निदान स्वतःची फसवणूक तरी होणार नाही.

बायपासला एक ओळ पुरते. गिटलॅबमध्ये 'अलाऊ फेल्युअर' ट्रू करा, झालं. आमच्या टीमने हेच केलं होतं. सर्व्हर यूटीसीवर आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे मध्यरात्रीनंतर कोड पुश केला की तारखेची एक टेस्ट पडायची. ती दुरुस्त करायची सोडून आम्ही अख्ख्या जॉबलाच सूट दिली. तीन आठवड्यांनी कुणीतरी बिलाच्या राउंडिंगचा कोड बदलला. त्याची टेस्ट इमानदारीत बोंबलली, पण पाइपलाइन पुढे निघून गेली. चूक सापडली ती ग्राहकांना. पुढचा अख्खा वीकेंड चुकीची बिलं निस्तरण्यात गेला. आणि ती टेस्ट मीच लिहिलेली होती हो!

"टेस्ट लिहायला वेळ कुठाय?" हे दुसरं रडगाणं. केंट बेक आणि एरिक गामा यांनी 1997 साली झुरिकहून परिषदेला जाताना विमानात बसून जेयुनिट लिहायला घेतलं. आपल्याला ते आयतं मिळालंय, तरी वेळ नाही!

तिसरा प्रकार कव्हरेजवाल्यांचा. मॅनेजरला 80 टक्के हवेत ना, मग फंक्शन नुसतं कॉल करायचं, असर्ट काहीच नाही. आकडा छान दिसतो, पण तपासलं काय? शून्य.

माझं म्हणणं साधं आहे. युनिट टेस्ट पडली की मर्ज बंद, मग रिलीज कुणाचंही असो. एखादी टेस्ट उगाच पडत असेल तर तेवढीच बाजूला काढा, तिच्यापुढे कुणाचं तरी नाव आणि तारीख लिहा. तारखेपर्यंत दुरुस्त झाली नाही तर उडवा. आणि 'आत्ताची वेळ' कोडमध्ये थेट विचारू नका, बाहेरून पास करा, म्हणजे निम्मी भुतं पळतील.

पटत नसेल तर सोमवारी एक करा. वेगळ्या ब्रँचवर हिशोबाच्या कोडमधल्या एखाद्या 'प्लस'चं 'मायनस' करा आणि पुश करा. पाइपलाइन अडली तर तुम्ही सुखी. हिरवी राहिली, तर तुमच्याकडे टेस्ट्स नाहीत, नुसती रोषणाई आहे.