बीअर, बादली आणि बेचाळीस अंश

मे महिन्यात लातुरात किंवा नांदेडात रूम करून राहिलेल्या कुणालाही विचारा. रात्री इडलीचं पीठ झाकून ठेवलं की सकाळी ते भांड्याबाहेर आलेलं असतं. दुपारी लावलेलं दही संध्याकाळी तोंड वाकडं करायला लावतं. डिसेंबरात मात्र हेच पीठ फुगता फुगत नाही, मग आई ते चादरीत गुंडाळून ठेवते. पीठ तेच, भांडं तेच, हातही तेच. बदललेलं असतं ते तापमान.

हे आठवायचं कारण म्हणजे मोबाइलवर फिरणारे ‘घरच्या घरी बीअर’चे व्हिडिओ. एक बादली, थोडं माल्ट, हॉप्स, यीस्टची पुडी, दोन-तीन आठवडे थांबा आणि झालं! बघायला सोपं वाटतं. पण आधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. ‘विकायला नाही, स्वतःपुरतीच केली’ ही सबब तिथं चालत नाही. बीअर पिण्यासाठीसुद्धा आपल्या राज्यात वय २१ पूर्ण लागतं. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरगुती बीअरला मोकळीक दिली, त्यामुळं तिकडं तो रीतसर छंद आहे. तिकडचा छंद इकडं केला तर पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल.

तरीही हा विषय इथं सोडून देऊ नका. त्या बादलीत जे घडतं, तेच आपल्या भागातल्या डिस्टिलरींच्या टाक्यांत लाखो लिटरच्या मापानं घडतं. आणि दोन्हीकडं खरा प्रश्न एकच असतो, थंड कसं ठेवायचं?

यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे आपण बारावीत शिकलो. त्याच वेळी ते उष्णताही सोडतं, हे परीक्षेत फारसं कुणी विचारत नाही. वीस लिटरच्या बादलीतली उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर मिश्रण १० अंशांहून जास्त तापू शकतं. बीअरमधल्या ‘एल’ प्रकाराच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं, ‘लागर’ला ८ ते १३. त्यापेक्षा जास्त तापलं की यीस्ट मरत नाही, पण बिघडतं. घाईघाईनं साखर संपवतं आणि भलतीच रसायनं सोडतं. मग बीअरला पिकल्या केळ्याचा नाहीतर थिनरसारखा वास येतो. खोलीच ३८ अंशांवर असेल, तर बादलीची काय कथा!

ही अडचण जुनीच आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ मध्ये उन्हाळ्यात बीअर करायला चक्क बंदी घातली गेली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात परवानगी, कारण उन्हाळ्यातली बीअर नासायची. पुढं १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंड यांनी म्युनिकच्या ब्रुअरीसाठी थंडाव्याचं यंत्र उभारलं आणि बीअर ऋतूंच्या तावडीतून सुटली. तुमच्या घरातला फ्रिज त्याच घराण्यातला.

आता लातूर-नांदेडला परत या. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं. ते अलीकडं आणलं गेलं आणि २०२५ मध्ये देशानं तो टप्पा गाठला. त्यामुळं ऊस आणि मळीला नवा ग्राहक मिळाला, कारखान्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि शेतकऱ्याच्या बिलाची आशा वाढली. ही बाजू खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण मळी आंबवतानाही यीस्टला साधारण ३० ते ३४ अंशच लागतात. त्यापुढं ते मंदावतं. त्यात टाकीतलं अल्कोहोल वाढत गेलं की उष्णता आणि अल्कोहोल असा दुहेरी मार बसतो. यीस्ट मरतं, साखर तशीच शिल्लक राहते, नको ते जिवाणू माजतात. बादली निदान बाजूंनी थोडी निवते, पण टाकी जितकी मोठी तितकी ती आपोआप निवण्याची शक्यता कमी. म्हणून आतलं मिश्रण सतत बाहेर काढून थंड पाण्याच्या शेजारून फिरवतात. त्या पाण्यानं उचललेली उष्णता कूलिंग टॉवरमध्ये हवेत सोडली जाते, आणि ती सोडताना थोडं पाणी वाफ होऊन जातं.

तुमच्या खोलीतल्या कूलरचं आणि माठाचं तत्त्व हेच. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात सुमारे ५० लिटर पाणी १० अंशांनी थंड होतं. सौदा चांगला आहे, पण ते एक लिटर गेलं ते गेलंच.

आपल्या भागाची खरी गोची इथं आहे. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळं कूलर, माठ, टॉवर सगळं झकास चालतं. पण त्याच वेळी धरणांनी तळ गाठलेला असतो. पावसाळ्यात पाणी असतं, पण दमट हवेत वाफ नीट होत नाही. म्हणजे थंडावा जेव्हा स्वस्त मिळतो, तेव्हा पाणी सगळ्यात महाग असतं.

२०१६ आठवतं? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ‘जलदूत’ एक्स्प्रेसनं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं. घशाला कोरड पडलेली असताना टाक्या थंड ठेवायच्या का, हा प्रश्न तेव्हा थेट कोर्टात गेला होता. ‘दारूला पाणी’ म्हटलं की राग पटकन येतो. ‘इंधनाला पाणी’ म्हटलं की तो तितका येत नाही. यीस्टला मात्र दोन्ही सारखंच.

मग करायचं काय? कारखाने बंद करा म्हणणं सोपं आहे, पण ऊस पिकवणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला ते पटणार नाही. मधले रस्ते आहेत. उसातच सुमारे ७० टक्के पाणी असतं. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून ते पाणी पुन्हा वापरता येतं. दुसरा रस्ता बव्हेरियाचा. मळी साठवता येते, तर आंबवण्याचं जास्तीत जास्त काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून एप्रिल-मेमध्ये टाक्यांना सुट्टी का देऊ नये? त्यासाठी जास्त टाक्या लागतील, खर्च वाढेल हे खरं. पण दुष्काळी भागात हा हिशेब मांडून तरी बघायला हवा.

तिसरा रस्ता तुमच्या हातातला आहे. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांकडं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं ‘क्वाइक’ नावाचं यीस्ट ३५ ते ४० अंशांतही न बिघडता काम करतं. इतक्या थंड देशात असं यीस्ट टिकलं, तर आपल्याकडं का नसावं? देगलूर-बिलोलीकडं शिंदी सकाळी गोड आणि दुपारी आंबट होते, तिला कुणी कूलिंग टॉवर लावलेला नसतो. गुऱ्हाळाच्या भिंतीवर, फुलांत, फळांच्या सालीवर उन्हाला सरावलेले किती यीस्ट असतील! नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात किंवा लातूरच्या कॉलेजांत मायक्रोबायोलॉजी शिकत असाल, तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला याहून ‘आपला’ विषय कुठला? टाकी चार-पाच अंश जास्त गरम चालली, तरी तेवढं पाणी वाचेल.

सुरुवात घरूनच करा. परवाना लागणार नाही, गुन्हाही होणार नाही. शंभर-दीडशे रुपयांचा थर्मामीटर आणा. एक भांडं इडलीचं पीठ ओल्या फडक्यात ठेवा, एक तसंच, आणि दर तासाला तापमान लिहा. सकाळी दोन्ही चाखा. फडकं ओलं ठेवायला रात्रभरात किती पाणी ओतलं, तेही मोजून वहीत लिहा. लातूरचा प्रश्न त्या आकड्यात दिसेल.